भाटगामची बत्ती

साबरमतीच्या आश्रमापासून दांडीच्या किनाऱ्यापर्यंतची वाट २४१ मैलांची आहे. या वाटेची दोन टोके सर्वांना ठाऊक असतात. १२ मार्च १९३० रोजी सकाळी साडेसहा वाजता गांधीजी आपल्या ७८ सहकाऱ्यांसह आश्रमातून निघाले आणि ६ एप्रिलच्या सकाळी त्यांनी दांडीच्या किनाऱ्यावरचे चिमूटभर मीठ उचलले. शाळेच्या पुस्तकात एक चित्र पहिल्या टोकाचे असते, दुसरे शेवटच्या टोकाचे. मधले दिवस चित्रकाराच्या एका काठीत आणि पुढे टाकलेल्या एका पावलात सामावून जातात. पण ज्याला वाट म्हणायची ती या दोन टोकांच्या मध्येच होती. ती खेड्यांतून आणि लहान कसब्यांतून गेली, दिवसाकाठी साधारण दहा-बारा मैल चालून दोन ठिकाणी थांबली. आणि जिथे थांबली तिथे तिला पाणी, सावली, शिधा आणि रात्रीचा उजेड कोणीतरी पुरविला. या पुरविणाऱ्यांच्या बाजूने दांडीची वाट पाहिली, तर तिचा इतिहास थोडा निराळा दिसू लागतो.

अहमदाबादहून नवसारीला जायला १९३० साली पायी चालण्याची मुळीच गरज नव्हती. मुंबई-बडोदे रेल्वेची आगगाडी हे अंतर एका रात्रीत तोडीत असे. शिवाय सत्याग्रहींची वाट लोहमार्गाच्या समांतरही राहिली नाही. नडियाद, आणंद येथपर्यंत ती रुळांच्या सोबतीने आली. आणंदपुढे लोहमार्ग बडोद्याकडे जातो, ती मात्र बोरसदकडे वळली. बडोदे हे गायकवाडांचे संस्थान. भांडण होते ते ब्रिटिश सरकारशी. म्हणून वाटेचा फार मोठा भाग खेडा, भरूच आणि सुरत या ब्रिटिश जिल्ह्यांतून आखला गेला. खेडा जिल्ह्याने १९१८ साली सारा न भरण्याचा लढा दिला होता, बोरसद तालुक्याने १९२३ साली दंडाच्या कराविरुद्ध एकजूट दाखविली होती. या गावांना संघर्षाची सवय होती, आणि वल्लभभाई पटेलांना ही गावे घरासारखी परिचित होती. वाटेची पूर्वतयारी करण्यासाठीच ते फिरत होते, आणि ७ मार्चला त्याच वाटेवरील रास या गावी त्यांना अटक झाली. ज्याने वाट बांधली तो प्रस्थानाच्या दिवशी तुरुंगात होता.

साहित्याच्या अभ्यासकाला हा नकाशा आणखी एका कारणाने ओळखीचा वाटेल. नडियाद हे ‘सरस्वतीचंद्र’कार गोवर्धनराम त्रिपाठींचे गाव, भरूच कन्हैयालाल मुनशींचे, आणि सुरत कवी नर्मदचे. अर्वाचीन गुजराती वाङ्मयाचा बराच मोठा भाग या वाटेच्या दोन्ही हातांना पसरलेला आहे. पण असलाली, नवागाम, मातर, नापा, कंकापुरा, कारेली, गजेरा, आमोद, त्रालसा, उमराछी, भाटगाम, देलाड ही नावे कुठल्या कादंबरीतली नाहीत. सरकारी साऱ्याच्या वह्यांबाहेर ती क्वचितच लिहिली गेली असतील. या यात्रेने ती वृत्तपत्रांत आणली.

आणि नुसती आणली नाहीत. प्रस्थानापूर्वी गांधीजींनी ‘नवजीवन’मधून वाटेवरील गावांना एक प्रश्नपत्रिकाच दिली होती. गावाची लोकवस्ती किती, त्यांत स्त्रिया किती, हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, पारशी किती, अस्पृश्य किती व त्यांच्यासाठी कोणत्या सोयी आहेत, शाळेत मुलगे किती, मुली किती, चरखे किती चालतात, दारू-ताडी पितात का, गाई-म्हशी किती, गायरान किती, सारा एकरी काय दराने भरता, आणि माणशी व गुरांमागे मीठ किती लागते. स्वागतासाठी कमानी उभारू नका, ही माहिती काढून ठेवा, असा त्याचा अर्थ होता. मला या यात्रेतील सर्वांत दुर्लक्षित कागद हाच वाटतो. ज्या देशात खेड्याची मोजदाद करण्याचा अधिकार फक्त सरकारचा समजला जाई, तेथे एक माणूस गावालाच आपली मोजदाद करायला सांगत होता.

तिचा उपयोगही लगेच झाला. पहिल्याच मुक्कामी, असलालीला, गांधीजींनी गावाच्या आकड्यांवरून हिशेब मांडला. सतराशे वस्ती, दोनशे बैल, त्यांना वर्षाला लागणारे मीठ, पक्क्या मणाला सव्वा रुपया कर. एकट्या असलालीकडून सरकार मिठापायी वर्षाला ७२० रुपये नेते, असा तो हिशेब निघाला. देशाच्या महसुलात मिठाच्या कराचा वाटा केवढा, हे सांगून खेडूत हलला नसता. आपल्या गावातून सातशे वीस रुपये जातात, हे त्याला कळले. पुढे गावोगावचे मुखी आणि मतादार राजीनामे देऊ लागले, त्यामागे वक्तृत्वाइतकेच हे अंकगणितही असले पाहिजे.

मुक्कामाचे नियमही आधीच कळविलेले होते. शिधा साधा असावा, शिजवलेला द्या किंवा कोरडा. मिठाई, चहा, विडा नको. निजायला स्वच्छ जागा पुरे, अंथरुणे आम्ही आणू. प्रार्थना, सूतकताई आणि रोजनिशी कोणाला चुकणार नव्हती. सोमवार मौनाचा, म्हणून विश्रांतीचा. आणंद, सामणी आणि देलाड येथे असे तीन सोमवार आले. पुढे जाऊन मुक्कामाची सिद्धता करण्यासाठी गुजरात विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांची एक तुकडी होती. ‘अरुण टुकडी’ हे तिचे नाव. उषेआधी येणारा तो अरुण. विद्यापीठाची धुरा तेव्हा काकासाहेब कालेलकरांकडे होती. साताऱ्यात जन्मलेला आणि गुजरातीचा शैलीकार झालेला हा लेखक त्या वेळी विद्यार्थ्यांना संडासांचे चर खणायला पाठवीत होता, ही गोष्ट आपल्या वाङ्मयेतिहासात नोंदविण्याजोगी आहे.

चालणाऱ्यांत दुसरे एक मराठी नाव होते, पंडित नारायण मोरेश्वर खरे. विष्णु दिगंबर पलुसकरांचे हे शिष्य १९१८ पासून आश्रमात होते; ‘आश्रम भजनावली’ त्यांनीच सिद्ध केली, आणि त्यामुळे मराठी संतांचे अभंग गुजरातच्या प्रार्थनेत रुळले. यात्रेच्या थोडेच दिवस आधी आश्रमात देवी आल्या, त्यांत त्यांचा लहान मुलगा वसंत गेला. ते दुःख बरोबर घेऊन खरे चालले, आणि रोज दोन्ही वेळा प्रार्थनेला त्यांनी सूर दिला. याविषयी त्यांनी काही बोलून दाखविण्याची आवश्यकता नव्हती; पायांनी चालणाऱ्याला एवढे एक स्वातंत्र्य असते.

इथवर जे सांगितले त्यावरून मुक्काम ही फार सोज्ज्वळ वस्तू वाटेल. पण गुजरातच्या खेड्याला ‘मुक्काम’ हा शब्द एका वेगळ्या अर्थानेही परिचित होता. साहेब किंवा मामलेदार फिरतीवर आला की त्याचा तळ गावाबाहेर पडे. गाड्या, गवत, जळण, दूध, खाटा गावाने पुरवायच्या. पाणी भरायचे, ओझी वाहायची, रात्री उजेड धरायचा. यांतली कामे ज्या-त्या जातीच्या वाट्याला आधीच लावून दिलेली असत, आणि मोबदला मिळालाच तर नावापुरता. याला गुजरातेत ‘वेठ’ म्हणत; आपल्याकडेही तोच शब्द आहे. आपल्या बलुत्याच्या व्यवस्थेत पुष्कळ गावी मशाल धरण्याचे काम न्हाव्याकडे असे. रात्रीचा उजेड कोणाच्या हातात असावा, हे ठरलेलेच होते.

नोव्हेंबर १९१७ मध्ये गोध्र्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली गुजरात राजकीय परिषद भरली, तिच्यात वेठीविरुद्ध ठराव झाला. परिषदेने नेमलेल्या समितीचे काम वल्लभभाईंकडे आले आणि त्यांनी आयुक्तांशी पत्रव्यवहार करून ही प्रथा बेकायदा असल्याचे लोकांना सांगितले. वल्लभभाईंच्या सार्वजनिक आयुष्यातील ही अगदी आरंभीची कामगिरी. म्हणजे तेरा वर्षांनी जी वाट या प्रांतातून गेली, ती वेठीविरुद्ध बोललेल्या माणसांनीच आखलेली होती. हे ध्यानात ठेवून पुढची हकीकत वाचली पाहिजे.

१९ मार्चच्या रात्री यात्रा मही नदीवर आली. दुपारी रासला सभा झाली होती, संध्याकाळी कंकापुरा. पलीकडे कारेलीला जायचे, तर समुद्राच्या भरतीचे पाणी नदीत चढेपर्यंत थांबणे भाग होते. मध्यरात्रीच्या सुमारास होडी निघाली. दोन्ही काठांना गुडघ्याएवढा चिखल. तो सर्वांनी तुडविला, एकसष्टाव्या वर्षात असलेल्या गांधीजींनीही. पैलतीरावर गावकरी दिवे घेऊन उभे होते. यात्रेच्या साऱ्या वर्णनांत हा प्रसंग सुंदर म्हणून येतो, आणि तो आहेच. लोक आपापल्या हातांत दिवे घेऊन आले होते.

पुढे भरूच जिल्हा लागला आणि हळूहळू काही बदलू लागले. २२ मार्चला जंबुसरला मोतीलाल व जवाहरलाल नेहरू येऊन भेटले. देशोदेशींचे बातमीदार बरोबर होते, चित्रपटाचे कॅमेरेही आले होते. सुरत जवळ येत चालले तशी गर्दी वाढली. मोठ्या पाहुण्याचा पाहुणचार हा नियम सांगून आवरत नाही. यजमानाला वाटते, इतके तरी आपण करावे. बारा संत्री मागितली, तर एकशेवीस यावीत, अशी अवस्था झाली. दूध-भाजी सुरतेहून मोटारीने येऊ लागली. भरूचला नर्मदा ओलांडून यात्रा अंकलेश्वरकडे, आणि तेथून सुरत जिल्ह्यात आली. उन्हामुळे सकाळी आणि सूर्यास्ताच्या सुमारास चालणे होई. अंधार पडला की उजेड लागे. त्यासाठी किटसनच्या बत्त्या आणल्या गेल्या.

ज्यांनी जुन्या काळची वरात पाहिली आहे, त्यांना किटसनची बत्ती सांगायला नको. रॉकेलवर चालणारी, पांढऱ्या झगझगीत उजेडाची, वजनदार. ती हातात धरून मैलभरही चालता येत नाही. म्हणून एका स्टुलावर ती बसवायची आणि ते स्टूल मजुराने डोक्यावर घ्यायचे.

२९ मार्च १९३० च्या रात्री ओलपाड तालुक्यातील भाटगाम येथे गांधीजी बोलायला उभे राहिले. त्यांनी या दिवशी मिठाचा विषय जवळजवळ बाजूला ठेवला. त्यांनी स्वतःचा आणि आपल्या सोबत्यांचा हिशेब काढला. २ मार्चला व्हाइसरॉय आयर्विन यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी म्हटले होते की, व्हाइसरॉयचा पगार महिन्याला एकवीस हजार रुपये, आणि या देशातील माणसाची सरासरी कमाई दिवसाला दोन आण्यांहूनही कमी. पाच हजार पटींचे हे अंतर समर्थनीय नाही. भाटगामला तोच गुणाकार त्यांनी स्वतःला लावला. सामान्य माणसाची रोजची कमाई सात पैसे. माझ्यावर होणारा खर्च त्याच्या पन्नास पट होत असेल, तर व्हाइसरॉयला दोष देण्याचा माझा अधिकार कोठे राहिला? या भाषणाचा हा भाग पुष्कळांनी उद्धृत केला आहे.

त्याच भाषणात त्यांनी बत्तीची हकीकत सांगितली. वाटेत एका मजुराच्या डोक्यावर ती जड बत्ती होती आणि त्याला लवकर चाल, लवकर चाल म्हणून हाकलले जात होते. ते त्यांना पाहवेना. म्हणून त्यांनी स्वतःचा वेग वाढविला आणि सगळ्यांना मागे टाकले. पण झाले उलटेच. गांधीजी पुढे गेले म्हणून उजेडही पुढे नेणे आले, आणि त्या माणसाला त्यांच्यामागे धावायला लावले गेले. ओझे वाहायचेच होते तर ते आपल्यांपैकी कोणी का वाहिले नाही, असे त्यांनी विचारले. आपण वाहिले असते तर स्टूल आणि बत्ती दोन्ही लवकरच टाकून दिली असती. वेठीला आपण विरोध करतो; ही वेठ नव्हे तर काय?

साधेपणाचा उपदेश म्हणून हा उतारा वाचला जातो. मला तो चालण्याविषयीचा वाटतो. गांधीजींचा वेग प्रसिद्ध होता. त्यांच्यासाठी बरोबर एक घोडा ठेवलेला होता, त्यावर ते शेवटपर्यंत बसले नाहीत. तरुण सत्याग्रहींच्या पायांना फोड आले, काहींना ताप आला, हे मात्र झपझप चालत राहिले. आणि बातमीदारांनी या चालीचे कौतुक केले. पायी चालणारा माणूस कोणावर भार टाकीत नाही, हे या सगळ्यामागचे गृहीतक. भाटगामच्या वाटेवर ते गृहीतक गांधीजींच्या स्वतःच्याच डोळ्यांसमोर मोडले. त्यांनी शरमेने पाऊल उचलले, आणि ते पाऊलच दुसऱ्याच्या धावण्याचे कारण झाले. वेग कमी केला असता तरी बत्ती डोक्यावर राहिलीच असती, वाढविला तर माणूस धावला. या पेचातून एकट्या चालणाऱ्याला वाट नव्हती. वाट होती ती ओझ्याखाली दुसऱ्या कोणीतरी डोके देण्याची. आणि बत्ती ज्यांनी आणविली ते दुष्ट लोक नव्हते. ते भक्तीने आलेले, खादी घातलेले, उत्साही कार्यकर्तेच असणार. रात्री पाहुण्याला उजेड हवा आणि तो गावातल्या गड्याने धरायचा, हे त्यांना इतके अंगवळणी पडलेले होते की त्यात काही खुपण्यासारखे आहे असे त्यांना दिसलेच नसावे.

सुरत जिल्हा या बाबतीत इतर जिल्ह्यांहून निराळाही होता. अनाविल आणि पाटीदार जमीनदारांच्या शेतांवर दुबळा जातीची माणसे ‘हाळी’ म्हणून राबत. लग्नासाठी उचललेले कर्ज आयुष्यभर फिटत नसे, आणि मुलगा पुढे त्याच घरी राबायला येई. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी या पद्धतीचा सविस्तर अभ्यास १९७४ साली प्रसिद्ध केला. सारा न भरण्याचे लढे लढणारा शेतकरी आणि त्याचा हाळी एकाच गावात राहत होते. बत्तीवाला कोणत्या जातीचा, त्याचे नाव काय, हे गांधीजींनी सांगितले नाही. त्या भाषणात पुढे ते एवढेच म्हणाले की, स्वराज्यात देशाची धुरा तथाकथित खालच्या वर्गातील माणसाने वाहावी अशी आपली अपेक्षा असेल.

हे सारे त्यांनी झाकून ठेवले नाही, हे विशेष. ३ एप्रिलच्या ‘यंग इंडिया’त भाषण छापले गेले, आणि प्रखर प्रकाशाचा झोत आत वळविणे अशा अर्थाचे शीर्षक त्याला दिले. सरकारशी गाठ पडायला तीन दिवस उरले असताना कोणताही सेनापती आपल्या छावणीतील गैरव्यवस्था वृत्तपत्रात देणार नाही. मुंबई सरकारच्या कचेरीत हा अंक वाचणाऱ्यांना त्याचे काय वाटले असेल, असा प्रश्न मनात येतो.

पुढचा प्रवास थोडक्यात सांगता येईल. ३१ मार्चचा सोमवार देलाडला गेला. १ एप्रिलला सुरतेत तापीच्या काठी प्रचंड सभा झाली. ३ एप्रिलला नवसारी. हे गायकवाडांच्या मुलखातले गाव. ५ एप्रिलला दांडी. वाटेत आणखी दोघे सामील झाल्याने चालणारे सत्याग्रही आता ऐंशी झाले होते. त्यांत केरळचे होते, आंध्रचे, पंजाबचे, महाराष्ट्राचे, एक नेपाळचे आणि एक फिजीहून आलेले.

ही वाट नंतर अनेकांनी चालून पाहिली. ऑस्ट्रेलियाचे अभ्यासक टॉमस वेबर १९८३ मध्ये ती पायी चालले, आणि १९९७ साली त्यांनी तिच्यावर ग्रंथ लिहिला. गावोगावच्या म्हाताऱ्यांच्या आठवणी त्यात आल्या, हा त्याचा मोठा गुण. यात्रेच्या पंचाहत्तरीला, २००५ साली, तिला वारशाच्या मार्गाचा मान मिळाला आणि राष्ट्रीय महामार्ग म्हणून क्रमांकही मिळाला, आधी २२८ आणि फेरक्रमांकनानंतर ६४. ३० जानेवारी २०१९ रोजी दांडीला राष्ट्रीय स्मारकाचे उद्घाटन झाले. तेथे गांधीजींच्या मागे ऐंशी सत्याग्रहींचे पुतळे चालत आहेत, आणि चेहरे एकमेकांसारखे होऊ नयेत याची काळजी घेतलेली आहे. बत्तीवाला त्यांत नाही. तो सत्याग्रही नव्हता, म्हणून तो नसणे नियमाला धरूनच आहे. शिवाय तो दांडीपर्यंत आला नाही; कोणत्या तरी गावाच्या शिवेवर बत्ती उतरवून तो परतला असणार.

मीठ उचलल्यानंतर गांधीजी दांडीला फार दिवस राहिले नाहीत. जवळच्या कराडी गावी एका आमराईत ताडाच्या झावळ्यांची झोपडी बांधली, तीत ते राहू लागले. ४ मे रोजी रात्री ते निजले असता, बारा वाजून गेल्यावर सुरतचे जिल्हा मॅजिस्ट्रेट पोलिसांच्या तुकडीसह आले. झोपलेल्या माणसाच्या तोंडावर विजेऱ्यांचा उजेड पडला. १८२७ च्या जुन्या रेग्युलेशनखाली त्यांना धरण्यात येत होते. खटला नाही, शिक्षेची मुदत नाही. गांधीजींनी हुकूम वाचून दाखवायला सांगितला, दात घासले, आणि प्रार्थनेपुरती सवड मागितली. पंडित खरे तेथेच होते. आश्रमातून निघताना गायिलेले वैष्णवजनांचे भजन त्यांनी पुन्हा म्हटले, सर्वांनी वाकून निरोप घेतला, आणि पोलिसांची मोटारलॉरी अंधारात रेल्वेच्या रुळांकडे निघाली.